देवाला वाहिलेलं कारलं

कारल्यानं माझं लगीन जमवलं असं म्हटलं तर तुम्ही हसणार. हसा की! पण हातातला चहा खाली ठेवून हसा, न्हायतर ठसका लागंल. असला गाढवपणा उभ्या बेळगावात दुसऱ्या कुणी केला असंल तर आणा त्याला माझ्यापुढं, मी त्याच्या पाया पडतो.

आमच्या घरात पाडव्याची एक रीत होती. गुढी उभी राहिली, कडुलिंबाचा गोळा तोंड वाकडं न करता गिळून झाला, की सगळ्यांनी देवापुढं ओळीनं बसायचं. तुळशीचं पान हातात घ्यायचं आणि नव्या वर्षाचा नेम मोठ्यानं बोलायचा. काहीतरी आवडतं सोडायचं, काहीतरी चांगलं धरायचं. ही रीत आमच्या आप्पांची. आप्पा हायस्कुलात मास्तर, त्यामुळं देवघरातसुद्धा वर्गासारखीच शिस्त.

"जिवापाड आवडतं तेच सोडायचं," आप्पा म्हणायचे. "नावडतं देवाला देणं म्हंजे देवाच्या पानात उष्टं वाढणं!"

आणखी एक नियम होता. एकाचा नेम तो घराचा नेम. एकानं खाण्यातलं काही सोडलं, की ते वर्षभर आमच्या चुलीवर चढायचं न्हाय. नेमवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं तर पाप कुणाला?

आता माझं सांगतो. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटलो होतो. अंगानं बेळगावात, जीव मात्र निपाणीत. झालं असं, की कोगनोळीला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. एक मुलगी बुंदी वाढत आली. मी आपला पानावर हात आडवा धरून म्हणतोय, "पुरे, पुरे." ती म्हणाली, "पुरे म्हणाय पोट भराय लागतंय!" आणि हात बाजूला सारून अख्खा डाव पानात उपडा केला. संपलं! मी तिथंच गार.

नाव इंदू, निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांची, बाबूरावांची लेक. एवढी माहिती मी पान उचलायच्या आत काढली. घरी येऊन आईच्या मागं लागलो. आईनं आप्पांना सांगितलं, आप्पांनी मध्यस्थ धाडला. निपाणीहून निरोप आला, की बाकी सगळं ठीक, पण पोरगा देवाधर्माचा पाहिजे. हल्लीची इंग्रजी शिकलेली पोरं आम्हाला चालत न्हाईत. मी स्वतः येऊन बघतो.

आणि आले कधी? पाडव्याच्या आदल्या दिवशी. मुक्कामाला!

मी मनाशी पक्कं ठरवलं, की यंदा कुंदा सोडायचा. कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, माझा जीव की प्राण. वर्षभर कुंदा न्हाय म्हणजे मरणच, पण इंदूसाठी मरायची तयारी होती.

सकाळी देवापुढं बसलो. बघतो तर काय, समोर कुंद्याचा पुडा! बाबूरावांनी बाजारातनं नैवेद्याला म्हणून आणलेला. ताजा, तांबूस, तुपानं पळसाचं पान पार भिजलेलं. वास थेट नाकात.

पहिली पाळी आप्पांची. "मला जिवापाड काय आवडतं? राग. तो मी यंदा सोडला."

आप्पांच्या रागाला अख्खी टिळकवाडी टरकायची. बाबूराव तर गहिवरलेच. "वा मास्तर! ह्याला म्हणायचं नेम!"

मग आईनं शेजारणीशी आडावर उभं राहून बोलणं सोडलं. धाकट्या शकूनं चिंचा सोडल्या. आली की माझी पाळी!

तुळशीचं पान हातात, नाकात कुंदा, शेजारी होणारा सासरा. तोंड उघडलं. 'कुं' पर्यंत आलो होतो हो, देवाशप्पथ! पण जीभ आतल्या आत वळली आणि मी बोलून गेलो, "मी... मी कारलं सोडलं!"

आता ऐका. कारलं म्हटलं की मी लहानपणी पाटावरून उठून पळायचो. हे घरात सगळ्यांना ठाऊक. शकू फिस्सकन हसणार, एवढ्यात आईनं उरलेला कडुलिंबाचा गोळा तिच्या तोंडात कोंबला.

आणि कारलं जिवापाड आवडायचं कुणाला? आप्पांना! आठवड्यातनं दोनदा कारलं न्हाय झालं तर घर डोक्यावर घ्यायचे.

आप्पांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. एरवी तिथंच कानाखाली वाजवली असती. पण राग आत्ताच देवाला दिलेला, आणि शेजारी साक्षीदार बसलेला!

"बाळ," ते म्हणाले. उभ्या जन्मात मला त्यांनी बाळ म्हटलं नव्हतं. "नीट विचार केलास न्हवं, बाळ?"

"व्हय, आप्पा."

"लई चांगलं केलंस हो." दातावर दात घासल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाबूरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. "ह्या वयात पोरं बिडी सोडत न्हाईत मास्तर, आणि ह्यानं जिभंवरचं सोडलं! इतकं आवडतंय व्हय रं कारलं?"

इथं तरी गप बसावं की न्हाय? पण न्हाय! गाढवाला गाणं सुचलं. "कारल्याबिगर मला घास उतरत न्हाय, मामा," मी म्हटलं.

वैशाखात बार उडाला. इंदू घरात आली, कुंदा मी मनसोक्त खात होतो. मी म्हटलं, देव दयाळू आहे.

पण आप्पा! वर्षभर माणूस कारल्याविना झुरला. बाजारात गेले की कारल्याच्या ढिगापाशी उभे राहायचे, एखादं उचलून कुरवाळायचे, परत ठेवायचे. एकदा पंचांग उघडून बसले, हा नेम संपतो कधी ते बघायला. तर त्या साली अधिक महिना निघाला! माझ्याकडं बघून मंद हसले. आप्पांचा राग परवडायचा हो, ते हसणं न्हाय.

तिकडं बाबूरावांनी निपाणीभर डंका पिटलेला. मी सासरी गेलो की सासूबाई पदर डोळ्याला लावायच्या. "परड्यात कारल्याचा वेल लगडलाय, पण जावईबापूंना चालत न्हाय, म्हणून आम्हीबी हात लावत न्हाय." मी पण खाली मान घालून एक सुस्कारा सोडायचो. काय तो सुस्कारा! नाटक कंपनीत गेलो असतो तर नाव काढलं असतं.

पुढचा पाडवा आला. बाबूरावांचा हुकूम सुटला, की जावयाचा नेम आमच्या घरात सुटणार. आम्ही सगळे मोटारीनं निपाणीला गेलो.

पानावर बसलो आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. भरलं कारलं. कारल्याचं पंचामृत. कारल्याच्या काचऱ्या. कारल्याची चटणी. वर त्यांच्या कानडी शेजारणीनं मुद्दाम धाडलेला कारल्याचा आंबटगोड रस्सा, गोज्जू! पुरणपोळी बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. पंगतीत सगळे हात थांबवून माझ्याकडं बघतायत. माझा पहिला घास झाल्याशिवाय कुणी जेवणार न्हाय.

घेतला घास. डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं.

"अगं बघा, बघा!" सासूबाई ओरडल्या. "आनंदानं रडाय लागलं लेकरू! वाढा गं त्याला!"

मी आप्पांकडं बघितलं. वाचवा, असं डोळ्यांनीच म्हटलं. त्यांचा नेमही त्याच सकाळी सुटला होता. आता रागावतील, निदान ओरडून खरं सांगतील, सुटलो! पण आप्पा तोंडभर काचऱ्या खात शांतपणे म्हणाले, "वाढा, वाढा. लाजतोय तो. कारल्याबिगर त्याला घास उतरत न्हाय."

जेवणं झाली. सगळे देवापुढं बसलो, कारण आमची रीत आता निपाणीकरांनीही उचललेली. इंदूनं तुळशीचं पान हातात घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर्षभर ह्यांनी लई सोसलं. मी यंदा नेम धरते, रोज ह्यांना कारलं करून घालीन."

बाबूराव म्हणाले, "गुणाची माझी बाय!" आप्पा म्हणाले, "असली सून मिळाया भाग्य लागतंय." मी काय म्हणणार? खोटं बोललो, म्हणून सांगू? देवापुढं, सासऱ्यापुढं?

रोज कारलं खाल्लं हो! रोज! नेमाचं वर्ष संपलं, कारलं काय संपलं न्हाय. आमचं पोरगं शाळेत जायला लागलं, तरी ताटात कारलं. शेवटी एके दिवशी हिय्या केला. चुलीपाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कुंदा, पाडवा, नुसत्या वासावर फिरलेली माझी जीभ, सगळं.

इंदूनं कढईतलं कारलं हलवायचंसुद्धा थांबवलं न्हाय. "ठावं हाय मला."

"कधीपास्नं?"

"लग्नाच्या मांडवातच शकूनं सांगितलंय."

मी तिथंच पाट ओढून बसलो. "आणि मग इतकी वर्षं...? मला घातलंस कशाला गं?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "माझ्यापायी देवाला फसवून सोडलंसा न्हवं? मग आता माझ्यापायी खावा की."

मी गुमान ताट पुढं केलं. तिनं वाढलं. मी हात आडवा धरून म्हटलं, "पुरे, पुरे."

"पुरे म्हणाय पोट भराय लागतंय," ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला सारून अख्खी कढई ताटात उपडी केली.