दोन… एक… दोन

या ग्रुपवर गेली तीन-चार वर्षं मी फक्त वाचायला येतो. जेवणाच्या सुट्टीत एखादा अनुभव वाचायचा, मनात हसायचं आणि कामाला लागायचं. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी विजेची उपकरणं तपासतो. सत्तावीस वर्षं झाली. मीटरचा काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही. माणसाला काय 'वाटलं' यासाठी आमच्या फॉर्मवर रकाना नाही. म्हणून हे मीच लिहितोय यावर माझाही विश्वास बसत नाही… पण यात माझी एक चूक आहे, आणि ती मी पस्तीस वर्षं कोणालाही सांगितली नव्हती. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

राहायला मुलुंड पूर्वेला. वय चोपन्न. मूळचा माहुलचा, कोळी. हे शेवटचं वाक्य साधं आहे, पण सोसायटीत मी नेहमी 'आम्ही चेंबूर साइडचे' एवढंच सांगत आलो.

एकुलती एक मुलगी, प्राची, सव्वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून ती अंदमानातल्या नील बेटावर राहायला गेली. तिथे ती लोकांना स्नॉर्केलिंगला नेते. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पालथं तरंगायचं आणि खालचे मासे, प्रवाळ बघायचे. मी सहा महिने तिच्याशी धड बोललो नाही. कोणी विचारलं तर सांगायचो, "हॉटेल लाइनमध्ये आहे, पोर्ट ब्लेअरला."

या हिवाळ्यात बायकोने तिकीट काढून हातात ठेवलं. ती शिक्षिका, तिला शाळेतून सुट्टी नव्हती. म्हणाली, "तीन आठवडे राहा. आणि तोंड उघडून बोल तिच्याशी, नाहीतर परत येऊ नको."

तर मी गेलो. पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, अंगणात सुपारी, समोर समुद्र. माझी मुलगी सकाळी सहाला उठून पाण्याकडे बघते आणि सांगते, "आज नऊपर्यंत स्वच्छ, मग गढूळ." आणि नऊला पाणी गढूळ होतं. दुसऱ्या दिवशी चेन्नईहून आलेल्या साठीच्या एक बाई गुडघाभर पाण्यात थरथरत उभ्या होत्या. प्राचीने त्यांचा हात धरला. त्यांच्या भाषेतले पाच-सहा शब्द तिला येतात, तेवढ्यावर ती बोलत राहिली. वीस मिनिटांनी त्या बाई पाण्यातून डोकं वर काढायला तयार नव्हत्या. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी प्राचीच्या गालांवरून हात फिरवले. मी लांब वाळूत बसून बघत होतो. ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आणि त्याच वेळी 'हॉटेल लाइन' हे दोन शब्द आठवले.

मग मीही पाण्यात उतरायला लागलो. माझी मासे ओळखण्याची ऐपत टोपलीतली. बोंबील, मांदेली, कोळंबी, तीही मेलेली. इथे मासे जिवंत होते आणि त्यांना माझी पर्वा नव्हती. हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याचा करकर आवाज पाण्यात ऐकू येतो. समुद्री गवतावर कासव म्हशीसारखं निवांत चरतं. प्राची एकेक दाखवायची आणि वर येऊन विचारायची, "बघितलं ना, पप्पा?" लहानपणी मी तिला तोंडी परीक्षा विचारायचो, त्याच सुरात.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही बोटीने थोडे आत गेलो. बोट बिपुलदाची. हा बंगाली गृहस्थ प्राचीसोबत पहिल्या दिवसापासून काम करतो. प्राचीने मला रबरी रिंग दिली आणि सांगितलं, "ही सोडायची नाही. मी त्या दोघांना घेऊन पलीकडे जातेय." मी हो म्हटलं. दहा मिनिटांनी एक कासव दिसलं, आणि रिंग हातात असली की खाली नीट वाकता येत नव्हतं म्हणून मी ती सोडली.

कासवामागे किती गेलो कळलं नाही. डोकं वर काढलं तर बोट दिसेना. समोर सूर्य, पाण्यावर नुसता चकचकाट. पायाखालचा तळ सरकत होता, म्हणजे ओढ मला कुठेतरी नेत होती. मास्कमध्ये पाणी शिरलं. श्वास लागला. ओरडलो, तर नळीत पाणी गेलं. मी घाबरून तोंड पुन्हा पाण्यात घातलं, आणि तेव्हा ऐकलं.

टक टक… टक… टक टक.

थांबलं. पुन्हा तेच. दोन, एक, दोन.

हा आवाज मला ठाऊक होता. मी विचार केला नाही, त्याच्या दिशेने हातपाय मारत गेलो. आवाज वाढत गेला. मग हाताला बोटीचं बूड लागलं. बिपुलदाने बगलेत हात घालून मला वर ओढलं.

श्वास परत आल्यावर म्हटलं, "अच्छा हुआ आपने ठोका."

"क्या ठोका?"

"बोट पे. टक टक."

"मैं नहीं ठोका, अंकल. मैं तो चाय पी रहा था." त्याने थर्मासचं झाकण दाखवलं. अर्धं भरलेलं.

मी मूठ आवळून बोटीवर मारली. ढप्प. फायबरची बोट ती. मी ऐकलं होतं ते लाकूड होतं.

आता माहुलचं सांगतो.

माझा बा डोलीवर मासेमारी करायचा. खाडीत खुंट रोवलेले असतात, त्यांना डोल जाळं बांधायचं. कधी दोर खाली खुंटाला गुंडाळला जायचा. मग बा सुरा घेऊन बुडी मारायचा. खाडीचं पाणी चहासारखं, डोळ्यांचा काही उपयोग नाही. म्हणून होडीत बसलेल्याने वल्ह्याच्या दांड्याने फळीवर ठोकत राहायचं. आवाज वाढला की होडी जवळ. आजूबाजूला इतरांच्याही होड्या, म्हणून प्रत्येक घराचा ठोका वेगळा. आमचा दोन, एक, दोन. बा पाण्यात उतरताना दरवेळी सांगायचा, "ठोकत ऱ्हा. थांबू नको."

मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात. एका सकाळी बा खाली होता आणि मी ठोकत होतो. धक्क्यावर माझ्या वर्गातली तीन मुलं आली, कॅमेरा घेऊन, फ्लेमिंगो बघायला. त्यांना मी स्वतःबद्दल काय सांगितलं होतं ते आता आठवत नाही, पण कोळी असल्याचं नक्की सांगितलं नव्हतं. ठोक्याचा आवाज ऐकून त्यातला एक आमच्या होडीकडे वळला. मी वल्हं खाली ठेवलं, आणि होडीत वाकून, तोंड लपवून बसलो.

मिनिट-दीड मिनिट असेल. ती मुलं पुढे गेली. बा वर आला तो पंधरा हात लांब, दुसऱ्याच खुंटाला धडकून. खांदा फाटलेला, डाव्या कानातून रक्त. होडीत आल्यावर धापा टाकत म्हणाला, "आवाज नाय आला रं."

मी म्हणालो, "मी ठोकत होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मंग पान्यानं माजा कानच भरला आसंल," म्हणाला.

तो कान कायमचा गेला. कोणी विचारलं तर बा सांगायचा, "पोरगा ठोकीत व्हता, मनाच ऐकू नाय आला." प्राची जन्मायच्या आधी तो वारला. मी खरं सांगितलं नाही. होडी विकून टाकली. प्राचीला मी माहुलला दोनदा नेलं, दोन्ही वेळा मयताला. ठोक्याबद्दल घरात कधी अवाक्षर नाही. बायकोलाही माहीत नाही… आज हे वाचून कळेल.

त्या दिवशी प्राची बोटीवर आली, सोडलेल्या रिंगवरून मला दोन शब्द सुनावले, मग माझा चेहरा बघून शेजारी बसली.

"काय झालं, पप्पा?"

"पाण्यात एक आवाज आला." मी बसायच्या फळीवर बोटाने वाजवून दाखवायला लागलो. दोन. एक. पुढे हात चालेना.

शेवटचे दोन तिने वाजवले.

बिपुलदा चहा प्यायचा थांबला.

"तुम्हाला पण ऐकू येतो?" प्राची म्हणाली. "मला वाटायचं मलाच येतो. पहिल्या सीझनला पावसानंतर पाणी गढूळ होतं, मी बोट हरवून बसले होते. तेव्हा पहिल्यांदा आला. मला वाटलं पोपटमासा असेल. पण मासा मोजत नाही ना." मग म्हणाली, "आणि पप्पा, पाण्याखाली माणसाला आवाजाची दिशा कळत नाही. दोन्ही कानांना एकदमच पोचतो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तरी मला दर वेळी कळते."

बाला शेवटी एकच कान होता. 'दोन्ही कानांना' ऐकून मला तेव्हा हेच सुचलं.

संध्याकाळी पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, माहुलचं आणि 'हॉटेल लाइन'चंही. ती सुपारीच्या झाडाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे मी जशी हॉटेल लाइनमध्ये, तसा आजोबांचा कान भरलेला," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"त्यांना माहीत होतं, पप्पा. ज्याला कानाने होडी सापडते, त्याला ठोके थांबलेले कळत नाहीत?"

मग ती आत गेली आणि दोन ताटं वाढून घेऊन आली. माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी, रात्रीच्या पावसानंतर, बिपुलदाला प्रवाळावर एक फाटकं जाळं अडकलेलं दिसलं. कुठल्यातरी ट्रॉलरचं, वाहत आलेलं. असं जाळं तिथेच राहिलं तर मासे अडकून मरत राहतात. प्राचीने सुरी कमरेला लावली. पाणी गढूळ, अगदी खाडीसारखं. ती एका श्वासात सव्वा मिनिट खाली राहते, हे मला बिपुलदाने सांगितलं, आणि सांगताना त्याची मान माझ्यापेक्षा ताठ होती.

मी बिपुलदाकडून बांबू मागून घेतला. जवळच दोन मोठ्या बोटी पर्यटकांनी भरलेल्या. "अंकल क्या कर रहे हैं?" कोणीतरी विचारलं.

"माझी मुलगी खाली आहे," मी मराठीतच मोठ्याने सांगितलं. "जाळं कापतेय. आम्ही माहुलचे कोळी."

आणि ठोकायला लागलो. ढप्प ढप्प… ढप्प… ढप्प ढप्प. ती वर यायची, श्वास घ्यायची, परत जायची. अकरा बुड्या. माझ्या तळहाताला फोड आले. शेवटी सगळं जाळं ओढत ती बोटीच्या अगदी बाजूला वर आली, काठ धरून तशीच लोंबकळत राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"पप्पा, आज दोन होते."

"काय दोन?"

"आवाज. एक ढप्प, तुमचा. आणि एक टक. दोन्ही बरोबर एकत्र पडत होते. एकदाही मागे-पुढे नाही."

मी परत येऊन महिना झाला. सोसायटीत आता कोणी विचारलं तर मी फोन काढून प्राचीचे पाण्याखालचे व्हिडिओ दाखवतो, लोक लिफ्टमधून पळ काढेपर्यंत. आवाजाचं म्हणाल तर मी वाचून बघितलं, कारखान्यातल्या इंजिनिअरना विचारलं. कोळंबीची एक जात नांगी आपटून आवाज करते म्हणतात, बोटीचे सुटे भाग वाजतात म्हणतात. पण ती कोळंबी आमच्या घरचा ठोका कुठे शिकली, ते कोणी सांगत नाही. मीटर लावता येईल असं ते काही नाही.

एवढंच खात्रीने सांगू शकतो, की ती वर येईपर्यंत मी थांबलो नव्हतो.