फोरमनकाकांचा रुमाल

सौदीतल्या जुबैलच्या भाजून काढणाऱ्या उन्हातही फोरमनकाका घाम शर्टाच्या बाहीला पुसायचे. खिशात रुमाल म्हणून कधी ठेवला नाही. आम्ही चिडवलं की म्हणायचे, "रुमालावर देवाचा चेहरा उमटलाय रे बाबा. त्यात मी नाक शिंकरू?"

काका वसईचे ख्रिस्ती, मी नाशिकचा. प्लांटच्या कॅम्पात सहा वर्षं एका खोलीत राहिलो. क्रूस घेऊन चाललेल्या येशूचं तोंड एका बाईनं पुसलं आणि कापडावर चेहरा उमटला, ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. ते कापड इटलीतल्या एका चर्चमध्ये आहे म्हणतात. काकांची बहीण नन. तिनं तसाच चेहरा छापलेला एक रुमाल त्या कापडावरच्या काचेला टेकवून काकांना दिला होता. सौदीत असलं काही उघड ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो उशीच्या अभ्र्यात असे. ड्यूटीला निघताना काका उशीवर हात ठेवायचे, "चला साहेब, येतो."

मग सौदीकरण आलं. काकांच्या जागी एक सौदी तरुण नेमला आणि त्याला तयार करायचं काम काकांच्याच गळ्यात पडलं. "हातचं राखून शिकवा," आम्ही म्हणालो. काका भडकलेच. "अर्धवट शिकवू आणि उद्या वाफ त्याच्या तोंडावर आली म्हणजे? त्याच्या आईला काय सांगू?" तीन महिन्यांत सगळं शिकवलं, वर स्वतःची जुनी वहीही देऊन टाकली.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी रुमाल माझ्या हातात दिला. "येताना शर्टाच्या आत लपवून आणला होता. आता या वयात धीर होत नाही रे. तू पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोयस, आणशील ना?"

"आणतो की काका, त्यात काय!" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

निघायच्या सकाळी माझी पार तंतरली. पकडलो गेलो तर नोकरी खलास, एवढंच डोक्यात. रुमाल जुन्या पेपरात गुंडाळला आणि कॅम्पाच्या कचऱ्यात टाकला. विमानतळावर माझी बॅग कुणी उघडलीसुद्धा नाही.

वसईला काका फाटकातच उभे होते. "आणलास?"

"काढून घेतला, काका. विमानतळावर."

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "तुला त्रास नाही ना दिला?" काकूंनी मासे केले होते. मी जेवलो, निर्लज्जासारखा दोनदा भात मागून घेतला.

गेल्या वर्षी काका वारले. भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटपर्यंत रोज प्रार्थनेत म्हणायचे, ज्यानं रुमाल घेतला त्याच्यावर राग धरू नकोस देवा, त्याची लेकरं सुखी ठेव."

मग त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली.

सुखात आहेत, म्हणालो.