जरा उजळ करा

छापखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की शाळांची प्रगतिपुस्तकं त्यांच्या मशीनवर छापली जायची. मशीन चांगलं पलंगाएवढं लांब. एकीकडून कोरा कागद आत जायचा, पोटात काय खुडबुड व्हायची ती होवो, दुसरीकडून रंगीत होऊन बाहेर यायचा; तव्यावरून उतरवल्यासारखा गरम.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. थंडीच्या दिवसांत ती आधी वाया गेलेले ताजे कागद उचलायची आणि दोन्ही हातांत धरून शेकत बसायची.

"या सवतीनं आजवर माझं एवढंच भलं केलं," मशीनकडे बघून म्हणायची.

"सवत निदान कमी बोलते."

"बोलेल कशाला? न बोलता तुम्ही तिचं सगळं ऐकता."

मास्तरांचा हात रंगावर बसलेला. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं, की इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच म्हणायचं, "जरा उजळ करा." नवरदेव असो नाहीतर पंचाहत्तरीची म्हातारी, मागणी तीच. मास्तर कॉम्प्युटरवर चेहरा उजळायचे, डाग पुसायचे आणि मग छापायला सोडायचे. पुढे पुढे कुणी सांगायचीही गरज उरली नाही. हात आपोआप जायचा.

तो घरच्या फोटोंवरही गेला. बायको सावळी, चांगली गडद सावळी, आणि हनुवटीवर गरम तेल उडून पडलेला नखाएवढा व्रण. पहिला फोटो मास्तरांनी हौसेनं फ्रेम करून आणला, तेव्हा तिनं तो लांब धरून पाहिला.

"अहो, ही कोण बाई आणलीत घरात?"

"तूच की."

"मग माझीच मला ओळख का पटेना?"

हसली आणि फोटो खिळ्याला अडकवला. मास्तरांना वाटलं, खूश झाली. नवऱ्यांना असंच वाटतं. पुढे कुणी फोन समोर धरला, की ती तोंड फिरवायची. "काढून काय उपयोग? मास्तर दुसरीच छापणार." जे थोडे फोटो निघाले, ते मास्तरांच्या हाताखालून गेले. मूळ फोटो कॉम्प्युटरात उगाच जागा अडवतात, म्हणून ते पुसून टाकायची त्यांची शिस्त होती.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

सासरहून आलेली लेक म्हणाली, "बाबा, रविवारी मामा-मावशी येतील. त्याआधी आईचा एक चांगला फोटो भिंतीवर हवा."

दोघं छापखान्यात आली. मास्तरांनी एकेक फोटो उघडला. सगळीकडे तीच एक गोरी, गुळगुळीत बाई. लेक पडद्याजवळ वाकली.

"बाबा, यात आई कुठाय?"

दुसऱ्या कुणी नाही, मास्तरांनीच तिला पुसलं होतं, आणि तीही कौतुकानं.

मग त्यांनी तिचा रंग परत आणायला घेतला. पहिला कागद निघाला तो लालसर, उन्हानं भाजल्यासारखा. लाल कमी केला तर चेहरा राखेसारखा आला. तो कागद मास्तरांनी झटकन पालथा टाकला.

मालक डोकावले. "मास्तर, आधीचाच बरा होता. किती छान दिसतायत वहिनी!"

"मालक, त्या छान बाईशी माझं लग्न नाही झालं."

मालक निघून गेले. लेकीनं बाही वर सारली. "माझा रंग आईवर गेलाय, सगळेच म्हणतात. हा हात बघून लावा."

मास्तरांनी तिचं मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. शेजारी कागद. थोडा पिवळा वाढवला, चिमूटभर काळा, परत छापला, परत धरला. असं करत करत शेवटी हात आणि कागद एका रंगाचे झाले. लेकीचे डोळे भरून आले.

"आता फक्त व्रण राहिला," ती म्हणाली.

मास्तरांचा हात फोटोतल्या हनुवटीपाशी गेला आणि थांबला. डावीकडे की उजवीकडे? सगळा संसार समोरासमोर बसून जेवण्यात गेला होता.

"कुठल्या बाजूला गं?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

आई असती तर दहा टोमणे मारले असते. लेकीनं नुसतं स्वतःच्या हनुवटीवर डावीकडे बोट ठेवलं.

मास्तरांनी व्रण काढला, तर माशी बसल्यासारखी दिसली. पुसून पुन्हा काढला, तर जेवताना काहीतरी सांडल्यासारखं. पुसायला त्यांना पापणी लवण्याइतकाच वेळ लागायचा. काढायला काही केल्या जमेना.

"राहू दे, बाबा. झाला तेवढा पुष्कळ झाला."

त्यांनी व्रणाशिवायच फोटो छापायला सोडला. कागद बाहेर आला. मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरला, बायको धरायची तसा. मशीन घरघरून थांबलं.

"द्या इकडे, फ्रेममध्ये घालते," लेक म्हणाली.

"थांब जरा. अजून गरम आहे."

लेक थांबली. बऱ्याच वेळानं तिनं हळूच कडेला बोट लावून पाहिलं. कागद केव्हाच गार झाला होता. तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा मागितला नाही.