जामगेटचा उतार, चार नवे टायर आणि पुढच्या सीटवर आई

महेश्वरला जायचं ठरवलं ते आईसाठी, आणि आईला गाडीत बसवायचं तर आधी टायर बदलणं भाग होतं. मागच्या पावसाळ्यात, महेश्वरच्याच वाटेवर, जामगेट घाटाच्या उतारावर आमची चौदा वर्षांची फोर-व्हील-ड्राइव्ह ब्रेक दाबल्यावर घसरली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. गाडी मी चालवत होतो. आई तिथेच उतरली आणि समोरून येणाऱ्या बसला हात करून इंदूरला परतली. त्यानंतर तिने गाडीत पाय ठेवला नाही. घरचंच माणूस बसत नसेल तर गाडी विकून टाकू, असं पप्पा म्हणू लागले.

माझं शिक्षण बारावीत सुटलं. पण एखादी गोष्ट समजून घ्यायची असली की मी ती वहीत लिहून काढतो. पंधरा दिवस टायरांबद्दल वाचलं आणि मग पप्पांना घेऊन पोलोग्राउंडजवळच्या एका दुकानात गेलो.

पप्पांचा हिशेब सोपा होता: मागे दोन नवे टाकू, पुढचे अजून वर्षभर चालतील. मी म्हटलं, आपल्या गाडीत हे चालणार नाही. फोर-व्हीलचा लिव्हर ओढला की पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. झिजलेला टायर घेराने लहान, नवा मोठा. तो फरक शेवटी गिअर सोसतात. घ्यायचे तर चारही, एकाच मापाचे. मग पप्पांना मित्राच्या जीपसारखे रुंद, खडबडीत टायर आवडले. एकाची किंमत दहा हजारांच्या जवळ. आपण शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरावर चालतो, असं मी समजावलं. तिथे ते नुसते घोंगावतात आणि डिझेल खातात.

दुकानदार बंटी भियांनी (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) स्वस्तातला एक सेट काढला. मी मोबाइलच्या उजेडात टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर न वापरलेले होते, पण चार वर्षं पडून होते, आणि पडून पडून रबर कडक होतं.

"भिया, टायर लेने आए हो या कुंडली मिलाने?" बंटी भिया म्हणाले.

दुकानातले दोघे-तिघे हसले. पप्पा ओशाळून चहाला म्हणून बाहेर गेले. माझे कान तापले होते, तरी म्हटलं, "कुंडली ही मिलानी है भिया, माताजी को बिठाना है."

त्यांनी आतून स्वतः चार टायर लोटत आणले. गाडीच्या मूळ मापाचे, साध्या नक्षीचे, दोनच महिन्यांपूर्वी बनलेले. एका गिऱ्हाइकाने मागवले आणि ऐन वेळी रुंद टायर घेतले. हे अरुंद माप आता कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्त. फिटिंग आणि बॅलन्सिंग धरून चारही तेवीस हजारांत बसले. तुमची गाडी जुनी असेल तर आधी मूळ मापच विचारा.

नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो, त्यामुळे तीन दिवस सकाळी एकटाच सांवेरपर्यंत जाऊन आलो. एकदा मुद्दाम शेताच्या रस्त्यावर उतरलो. काळ्या मातीने नक्षी दहा मिनिटांत भरली आणि लिव्हर ओढूनच बाहेर निघालो. तेव्हा चिखलात जाणाऱ्यांनी हे टायर घेऊ नयेत, हेही सांगतो.

आईला सगळं दाखवलं, वहीसुद्धा. ती एवढंच म्हणाली की पुढे बसेन, डोळ्यांसमोर रस्ता दिसला पाहिजे.

रविवारी सकाळी सातला इंदुरातल्या अन्नपूर्णा भागातून, घरून निघालो. महूला पोहे-जिलबी, तिघांचे दीडशे. तिथे मी उतरून चारही टायरांना हात लावून पाहिला. मागच्या सीटवरून पप्पा म्हणाले, "ताप आहे का रे? थर्मामीटर देऊ?" आई हसली नाही.

जामगेटला भुरभुर पाऊस होता. पहिल्या दोन वळणांवर रस्त्यावरून पाणी वाहत होतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो, आईने दरवाजावरचा दांडा धरलेला. तिसऱ्या वळणानंतर अचानक बकऱ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जराही न वळता उभी राहिली. बकऱ्या निवांत गेल्या.

मग आई म्हणाली, "थांबली."

महेश्वरचा घाट, नावेची फेरी, साड्यांची दुकानं, याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. आम्ही नर्मदेत पाय सोडून दोन तास बसलो, साधी थाळी खाल्ली आणि तीनला परत फिरलो. चढावर मी पुन्हा टायर बघायला थांबणार होतो, पण थांबलो नाही. आईला झोप लागली होती. पप्पांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि हळू चालव म्हणाले, एवढंच. तसा मी चाळीसच्या वर नव्हतोच.

गाडी विकायचा विषय घरात परत निघाला नाही. मी मात्र वाट बघत होतो, आई टायरांबद्दल काही म्हणेल का. बुधवारी ती भजनाहून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "ऐक, पुढच्या रविवारी मांडूला जायचंय. भजनातल्या तिघींना हो म्हणून बसलेय मी. जोशीकाकू विचारत होत्या, वाटेत घाट आहे ना? म्हटलं, असू दे, माझा मुलगा चालवतो."