न मोजलेली पहिली फेरी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिलीमास्तर म्हणत. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद, आणि तो मोजण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. घरी मात्र हाच माणूस गॅससमोर उभा राहून दूध उतू घालवायचा. बायको म्हणायची, तुमच्या घड्याळात मिनिटं नसतातच वाटतं.

त्यांचं काम समजायला अवघड नाही. लिफ्ट, पंप, कापायची यंत्रं, सगळ्यांच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो. त्याने नुसतं बरोबर उत्तर देऊन भागत नाही, ते वेळेत द्यावं लागतं. लिफ्टचं दार तुमचा पाय चिमटल्यावर थांबलं, तर ते थांबणं काय चाटायचंय? हे कॉम्प्युटर वेळ पाळतात की नाही ते तपासायला मास्तरांनी एकोणीस वर्षांपूर्वी बारा प्रोग्रामांचा एक संच केला. खऱ्या यंत्रांत चालणारीच कामं यात घेतली आहेत, असं माहितीपत्रकात ठोकून दिलं होतं. तसं खरं यंत्र त्यांनी तोवर उघडून एकही पाहिलं नव्हतं. सगळं खुर्चीत बसून, अंदाजपंचे. पण संच फुकट होता आणि वापरायला सोपा होता. संशोधकांनी उचलला, मग कारखान्यांनी उचलला. कुणाच्या निबंधाखाली मास्तरांचं नाव छापून आलं की ते पान फाइलला लागे आणि त्या दिवशी चहा मास्तरांकडून असे.

संचाबरोबरच्या सूचनांत तिसरी सूचना अशी होती: प्रत्येक प्रोग्राम हजार वेळा चालवावा, पहिली फेरी मोजू नये. ही त्या प्रयोगशाळेची जुनी रीत. बरेच दिवस न केलेलं काम करायची वेळ आली की कॉम्प्युटरला ते लांबच्या कप्प्यातून शोधून आणावं लागतं, त्यात वेळ जातो. दुसऱ्या फेरीपासून सगळं हाताशी असतं. नळाचं पहिलं गढूळ पाणी सोडून द्यावं, तशी ती फेरी सोडून देत. मास्तरांनी तेव्हा ती एकदा मोजून पाहिली होती. बाकीच्या फेऱ्या तीस मिलिसेकंदांच्या आत, आणि पहिली एकशे दहा. आलेखावर तो एकच ठिपका वर जाऊन बसला होता आणि सगळ्या चित्राची शोभा घालवत होता. मास्तरांनी तो काढून टाकला.

त्यांची बायको हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिथे इस्त्रीचा मोठा प्रेस आला. तापलेला पाटा धाडकन खाली यायचा. मध्ये हात आला तर प्रकाशाचा झोत तुटून पाटा जागीच थांबेल, असं कंपनीवाले सांगत. बायकांचा विश्वास बसेना. तिने मशीनचं माहितीपुस्तक घरी आणलं. मास्तरांनी चष्मा लावून पानं उलटली आणि एका पानावर त्यांना आपल्याच संचाचं नाव सापडलं. त्यांची छाती वीतभर फुगली. दुसऱ्या दिवशी तिने प्रेसवरच्या अकरा बायकांना सांगितलं, की आमच्या ह्यांच्या चाचणीत पास झालेलं मशीन आहे, बिनधास्त काम करा. आणि त्या करू लागल्या.

तीन आठवड्यांपूर्वी एका चादरीची घडी अडकली, ती सोडवताना तिचा उजवा हात आत गेला. झोत तुटला, पाटा थांबलाही. पण उशिरा थांबला. दोन बोटं चेंगरली आणि भाजली.

हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या मास्तरांना सगळं कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. हात आला की पाटा थांबवायचं ते काम मशीनला दोन-तीन महिन्यांतून एखाद्या वेळी पडतं. म्हणजे त्या कामाची दर वेळी पहिलीच फेरी. जी आपण जगाला मोजू नका म्हणून सांगितलं, तीच.

आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी एका संशोधक मुलीचं पत्र आलं होतं. ती कारखान्यांत बसून खऱ्या यंत्रांच्या नोंदी घेत होती. सर, तुमच्या चाचणीत आणि यंत्रात मेळ बसत नाही, पहिली फेरी का वगळली, असं तिने फार अदबीने विचारलं होतं. मास्तरांना ते झोंबलं. आजकालच्या पोरींना शिंगं फुटली आहेत, असं ते चहाच्या टेबलावर म्हणाले आणि सगळे हसले. उत्तर त्यांनी दिलं नाही.

आता तीन आठवडे ते मूग गिळून बसले होते. तिची वेणी घालायला शिकले, तिला घास भरवू लागले. भेटायला येणाऱ्यांना ती सांगायची, मशीनचं काही नाही हो, मीच वेंधळी. मग पाहुणे मास्तरांकडे वळून म्हणायचे, नवरा असावा तर असा. त्यावर मास्तर पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचे आणि ओट्याला धरून उभे राहायचे. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी दुपारी ती लाँड्रीतून आलेला कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिचा जबाब मिळाला की चौकशी संपणार होती, आणि सोमवारी प्रेस पुन्हा सुरू होणार होता. उजव्या हाताला बँडेज, म्हणून लिहायचं मास्तरांनी.

"लिहा," ती म्हणाली. "मशीनमध्ये दोष नव्हता. माझं लक्ष नव्हतं."

मास्तरांनी 'मशीनमध्ये' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. मुहूर्त बघताय का, असं तिने विचारलं.

"मशीन उशिरा थांबलं," ते म्हणाले. "ते उशिरा थांबू शकतं, हे मला माहीत होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिसरी सूचना, काढून टाकलेला ठिपका, त्या मुलीचं पत्र. शेवटी तिने एवढंच विचारलं, की पत्र कधी आलं होतं.

"तीन वर्षं झाली."

"आणि प्रेस आला दोन वर्षांपूर्वी."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, मी अकरा जणींना सांगितलं," ती हळू म्हणाली. "तुमच्या जिवावर सांगितलं."

मग तिने डाव्या हाताने तो कागद बाजूला सारला. दुसरा घ्या म्हणाली. आत्ता मला सांगितलंत तसं सगळं लिहा, सही तुमची करा, आणि उद्या प्रेस सुरू व्हायच्या आत बायकांसमोर उभं राहून वाचा. मास्तरांनी लिहिलं. एकशे दहा हा आकडा एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातून पुन्हा कागदावर उतरला. त्या कागदाची एक प्रत त्यांनी त्या मुलीला पाठवली, उत्तराला उशीर झाल्याबद्दल माफी मागून.

सोमवारी सकाळी ते रोजच्यासारखे फणी घेऊन तिच्या मागे उभे राहिले. तिने डोकं बाजूला घेतलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मी बघते."

डाव्या हाताने तिने केसांना कसाबसा रबर लावला. निम्मे केस बाहेरच राहिले. मग चपला घालून ती पुढे निघाली, आणि खिशातला कागद चाचपत मास्तर तिच्या मागून चालू लागले.