कडेचं तू सांग

आपण भांडखोर नाही असं ती सगळ्यांना सांगायची, आणि तेसुद्धा भांडून सांगायची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदार. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. राग सदा नाकावर. चादरीवरचा डाग निघाला नाही तरी ती डागाशी बोलायची, आणि ते बोलणं ऐकण्यासारखं नसायचं.

एक मात्र कबूल करायला हवं, स्वतःसाठी ती फारशी कधी भांडली नाही. लाँड्रीतल्या बायकांना टेकायला बाकडं हवं म्हणून भांडली, तळघरात पंखा हवा म्हणून भांडली, आणि सगळ्यात जास्त भांडली ती धाकट्या बहिणीसाठी. शाळेत बाईंनी धाकटीला वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा ही आपल्या वर्गातून उठून बाईंना जाब विचारायला गेली. पुढे धाकटीचं लग्न झालं, सासू काहीबाही बोलते असं कानावर आलं, तेव्हा त्या घरी जाऊन हिनं असा काही तोंडाचा पट्टा सोडला की संध्याकाळी धाकटी पिशवी घेऊन हिच्यामागून परत आली. ती कायमची. तिला यायचं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. विचारायचं काम ताईचं होतं, आणि ताई भांडण्यात गुंतली होती.

मग धाकटीही लाँड्रीत लागली. दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर आली की दोन कोपरे हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, पुढे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. त्यासाठी बोलावं लागत नसे. ताईची पाठ भिंतीकडे आणि धाकटीचं तोंड भिंतीकडे, अशी वर्षं गेली. त्या भिंतीवर वाफेच्या दोन जाड पाइपांच्या मधे एक जुनं कॅलेंडर खोचलेलं होतं. महिने केव्हाच फाटून गेले होते, वरचं चित्र तेवढं राहिलं होतं. एक प्रचंड दरी, मावळतीची वेळ, तांबडे खडक. चित्राच्या दोन्ही बाजू पाइपांमागे दडलेल्या.

“याच्या कडेला काय असेल गं?” धाकटी विचारायची.

“काय असणार? आणखी खडक,” ताई मान न वळवता सांगायची.

एके दिवशी कोपऱ्याला कोपरा लागेना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, आणि ताईनं हातातली चादर खाली ठेवली. धाकटी समोरचं बघत होती, पण बाजूनं पुढे आलेला ताईचा हात तिला दिसत नव्हता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली आहे, मधली शिल्लक आहे, तीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही, आणि गेलेली परत यायची नाही. ताई डॉक्टरांशी भांडली. आधी का नाही कळलं, तपासता तरी काय, असल्या खोलीत दिवा कशाला लावता. डॉक्टर बिचारे चष्मा पुसत बसून राहिले. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “झालं तुझं? मला ती दरी बघायचीय.”

सकाळी निघून रात्री परत आणणारी एक सहल होती. बस, सोबत गाईड, वाटेत जेवण आणि शेवटी दरीच्या काठावर सूर्यास्त. धाकटीनं दोन अटी घातल्या. पहिली अशी, “मधलं मी बघते, कडेचं तू सांग. कुठे काय चाललंय ते तू बोलत राहा, म्हणजे मी तिकडे मान वळवीन. मी एकटी शोधत बसले तर उजेड निघून जाईल.” आणि दुसरी, “आजचा दिवस भांडायचं नाही.”

“मी कुठे भांडते?” ताई म्हणाली.

धाकटी हात बांधून उभी राहिली. ताईनं कानाला हात लावून कबूल केलं.

गाईड तरुण होता. डोक्यावर लाल टोपी, हातात माइक, आणि स्वतःच्याच विनोदांवर हसायची खोड. बस सुटायलाच उशीर झाला, कारण कुणा दोघांची वाट बघायची होती. ताई गप्प बसली. जेवणाच्या जागी भाजी गार होती आणि ताटं ओली. ताई गप्प बसली, फक्त ताट पुसताना जरा जास्त जोर लागला. मग बस एका मोठ्या दुकानासमोर थांबली. दगडाचे हत्ती, दगडाची घड्याळं, दगडाच्या बशा. “खास तुमच्यासाठी थोडा वेळ,” गाईड म्हणाला, आणि आत जाऊन दुकानदाराच्या गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर असा ऐसपैस बसला की त्याचं आणि दुकानदाराचं काय साटंलोटं आहे ते शेंबड्या पोरालाही कळावं. लोक हत्ती उचलून बघत होते आणि परत ठेवत होते. गाईडला घाई नव्हती. ऊन कलायला लागलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक माणूस दगडी बशा खपवायला बसतो आणि त्यापायी आपल्या बहिणीचे डोळे वाया जातात, असा सरळ हिशोब तिच्या डोक्यात झाला. ती बसमधे चढली. ड्रायव्हर बाहेर चहा पीत होता. ती त्याच्या सीटवरून वाकली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. लोक हत्ती टाकून धावत आले. गाईडही आला, टोपी सावरत. ताईनं हात काढला आणि जागेवर येऊन बसली.

“तू कबूल केलं होतंस,” धाकटी पुटपुटली.

“भांडले कुठे? हॉर्न वाजवला.”

धाकटीला हसू आवरलं नाही, आणि ताईला वाटलं, आजचा दिवस साधला.

खरंच साधला होता. बस काठावर पोहोचली तेव्हा सूर्य पलीकडच्या कड्याच्या वर होता. ताई धाकटीला दंडाला धरून उतारावरून खाली कठड्यापाशी घेऊन आली, तिचे दोन्ही हात लोखंडी नळीवर ठेवले आणि समोर पाहिलं. वर्षानुवर्षं जे तिच्या पाठीमागे होतं ते आता समोर होतं. तिला एकदम काही सुचेना.

“बोल ना,” धाकटी म्हणाली.

“डावीकडे एक सुळका आहे. एकटाच. त्याच्या खाली पायऱ्या पाडल्यासारखे खडक आहेत. आता डोकं तांबडं झालंय त्याचं, अंग अजून करडं आहे. बघ, थोडी आणखी डावीकडे.”

धाकटीनं मान वळवली. सुळका सापडला. “हा पाइपामागे होता,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

ताईचंही मन भरून आलं. उजवीकडचं सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून, वर बसपाशी उभ्या असलेल्या गाईडचा आवाज वाऱ्याबरोबर तिच्या कानावर आला. तो ड्रायव्हरला सांगत होता, “ज्यांना दिसत नाही त्यांना दरी कशाला दाखवायला आणतात? घरी बसवून रेडिओ लावून द्यावा.” आणि नेहमीसारखा हसला.

धाकटीनं ऐकलं नव्हतं. ती सुळक्यात गुंगली होती.

“आलेच मी,” ताई म्हणाली.

ती चढ चढून गेली आणि वळसा घालून गाईडच्या समोर उभी राहिली. आता गाईडची पाठ दरीकडे होती आणि ताईचं तोंड दरीकडे. “काय म्हणालास?” गाईड म्हणाला, मी कुठे काय म्हणालो. ताईनं त्याला त्याचे शब्द ऐकवले. गाईड म्हणाला, मावशी, मी तुम्हाला नाही म्हणालो, आणि हॉर्नचं तुम्ही काय केलंत ते आधी सांगा. मग ताई सुटली. त्या दुकानाचा उद्धार केला, टोपीचा केला, त्याला वळण लावायला विसरलेल्या त्याच्या घरच्यांचाही केला. लाँड्रीत, शाळेत, सासूच्या दारात जेवढा राग खर्च झाला नव्हता तेवढा तिनं तिथे ओतला. गाईडही काही कमी नव्हता. त्याच्या खांद्यामागे सूर्य कड्याला टेकला, अर्धा झाला, कोरीएवढा राहिला. ताईला दिसत होती ती लाल टोपी.

टोपी काळपट दिसायला लागली तेव्हा ती थांबली. सगळंच काळपट झालं होतं. लोक फोन खिशात ठेवत चढ चढून वर येत होते. धाकटी कठड्याला धरून एकटी उभी होती.

ताई तिला घेऊन वर आली. बस सुटल्यावर थोड्या वेळानं ताई उठली. कबूल केलेलं निदान मागून तरी द्यावं म्हणून सीटांना धरत धरत पुढे गेली आणि पहिल्या जोडप्याला तिनं विचारलं, “तुम्ही उजव्या हाताला उभे होतात ना? काय दिसलं?”

“मस्त होतं,” नवरा म्हणाला.

“मस्त म्हणजे काय?”

“म्हणजे एकदम सुंदर.”

“ते नको. रंग कुठून कुठे गेला? सावली आधी कुठे पडली?”

बायकोनं फोन पुढे केला. फोनमधे ती दोघं होती, दात दाखवत, आणि मागे बोटभर तांबडा पट्टा. पुढच्या सीटवर तेच. त्याच्या पुढच्या सीटवर तेच. एकानं तर चित्रफीत दाखवली, तिच्यात ताईचाच आवाज भरला होता. ताईला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. डोळे धडधाकट असलेली एवढी माणसं, आणि बघितलं एकानंही नाही. पण कुणाला बोलणार? आपण तरी कुठे बघितलं होतं?

शेवटी उरला गाईड. सगळ्यात पुढच्या सीटवर माइक मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्याकडे काही मागण्यापेक्षा जीभ तोडून द्यावी असं ताईला वाटलं. पण ती उभी राहिली आणि दातओठ खात म्हणाली, “उजवीकडे काय होतं?”

गाईड आधी दचकला. मग नीट बसला. “रोज कसं असतं ते सांगतो, मावशी. उजवीकडे आधी...”

“रोजचं नको. आजचं सांग.”

गाईड तिच्याकडे बघत राहिला. “आज मी तुमच्याशी भांडत होतो,” तो म्हणाला.

ती परत जागेवर आली.

“मी पाहिलं नाही,” तिनं धाकटीला सांगितलं. “उजवीकडचं राहिलं.”

“मला माहितीये.” धाकटी समोरच बघत होती. “मला काय दिसलं सांगू? सुळका दिसला. मग मागून तुझा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तू कुणावर तुटून पडलीस की मला कळतं. मी वळले. वर तू उभी होतीस, हात उगारून. सगळा उजेड तुझ्या तोंडावर आला होता. कपाळ, गाल, मान, सगळं त्या खडकांसारखं तांबडंलाल. आणि मला मधलंच दिसतं, त्यामुळे तू सोडून जगात दुसरं काही नव्हतं. आता थांबेल, आता येईल, म्हणून मी तुझ्याकडेच बघत राहिले. मग तुझ्या तोंडावरचा उजेड गेला. कठड्याकडे वळले तोवर खाली अंधार.”

“तुझी भांडणं मी जन्मभर बघत आलेय,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण असा राग ताईनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “माझ्या नावानं केलेली. मी न सांगता केलेली. आज एक दिवस मला दुसरं काहीतरी बघायचं होतं.” मग तिनं विचारलं, “कशावरून होतं एवढं?”

उत्तर ताईच्या जिभेवर होतं. गाईडचे ते शब्द तसेच्या तसे सांगितले असते तर धाकटीचा राग जागच्या जागी वळला असता, ताईवरून त्या टोपीवर. आजवरच्या सगळ्या भांडणांत एवढी शंभर टक्के बाजू तिची कधीच नव्हती. तिनं धाकटीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते शब्द त्या डोळ्यांना ऐकवायचे म्हणजे ते पुन्हा बोलण्यासारखंच होतं.

“दुकानावरून,” ती म्हणाली.

“दुकानावरून?” धाकटीला खरं वाटेना. “ते तर केव्हाच मागे राहिलं होतं.”

“हो.”

“धन्य आहे तुझी,” धाकटी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. या सहलीचं, त्या टोपीचं, त्या डॉक्टरांचं, स्वतःच्या जिभेचं काय करावं ते ताईला कळेना. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

शहर आलं. लोक उतरायला लागले. गाईड बसच्या दाराशी खाली उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याला बहुतेक काहीतरी बोलायचं होतं. ताई आधी उतरली आणि धाकटीचा हात धरून दारात थांबली.

“पायरी उंच आहे,” ती म्हणाली. “खाली फूटपाथ आहे, एक फरशी उखडलेली. डावीकडे खांब आहे, त्याला सायकल टेकवलीय. खांबाच्या पुढे पानाचं दुकान, बंद झालंय.”

धाकटी अजून रागातच होती. पण तिनं मान वळवली, खांब शोधला, सायकल शोधली, आणि पाय खाली टाकला.

“आणि उजवीकडे?”

उजवीकडे हातभर अंतरावर गाईड उभा होता. तो पुढे झाला आणि त्यानं तोंड उघडलं. ताईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो मागे सरला.

“उजवीकडे काही नाही,” ताई म्हणाली. “चल.”