मागे न हटणारा पिकअप

आमच्या घरात डिझेलची गाडी येणार नाही, असं मी पत्रक काढून जाहीर केलं होतं. पत्रकाची शाई वाळायच्या आत बाबांनी डिझेलचा पिकअप आणला!

"बंद पडलेल्या गाड्यांना टोचन लावून ओढायचं. उलव्याच्या बांधकामांवर रोज काही ना काही बंद पडतं," बाबा म्हणाले.

"आणि धूर? तत्त्वं?"

"तत्त्वं मागे हौद्यात बसव. भरपूर जागा आहे."

(हे तेच बाबा, ज्यांनी मला 'ध' धिक्काराचा शिकवला!)

निदान गाडीला तरी भूमिका असावी, म्हणून मी पोस्टर कलरनं मागच्या फाळक्यावर रंगवलं : 'आम्ही मागे हटणार'. जागा संपली. 'नाही!' खाली बंपरवर उतरलं.

पुढच्याच रविवारी मी सकाळी उलव्याच्या नाक्यावर 'डंपर हटवा!' ही पत्रकं वाटून घरी आले, तर मोऱ्याच्या बंदरावरून मामाचा आईला फोन.

"ताय, होडीची फली फुटली! भरतीच्या आत वर नाय काढली तर गेली समज!"

मामाचं घर त्या होडीवर चालतं. बाबांचा गुडघा सुजलेला. लायसन्स माझ्याकडे होतं. धीर कोणाकडेच नव्हता. आई शेजारी बसली, ती थेट देवाचं नाव घेतच.

मोऱ्याचा उतार शेवाळानं हिरवागार. मामानं होडीचा दोर पिकअपच्या मागे बांधला. मी इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकला.

"ओढ पोरी!"

मी ओढलं. होडी हात-दोन हात वर आली. मग चाकं जागच्या जागी फिरू लागली, आणि काळ्या धुरात सगळा धक्का दिसेनासा झाला.

"अगं, आपण मागे जातोय!" आई किंचाळली.

"नाही आई, धक्का पुढे जातोय."

"ब्रेक दाब!"

"दाबलाय!"

"मग अजून दाब!"

आरशात समुद्र मोठा होत होता. मागून मामा ओरडला, "पानी लागला गो बंपरला!" आईनं माझा दंड धरला आणि शेवटची इच्छा सांगावी तशी म्हणाली, "तुझं लग्न राहिलं!"

तेवढ्यात वर एक डंपर थांबला. ड्रायव्हर उतरला. त्याच्या हातात वडापाव होता, आणि वडापावाला गुंडाळलेलं माझं पत्रक!

त्यानं पत्रकावरचा माझा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे तुमीच ना? मग डंपर हटवू का?"

"नको हो दादा! राहू द्या! पाया पडते!"

(अशी घोषणा मी आयुष्यात पहिल्यांदाच दिली.)

त्यानं शांतपणे वडापाव संपवला, तेलकट पत्रकाला हात पुसले आणि पिकअपला टोचन लावलं. डंपरनं पिकअप ओढला, पिकअपनं होडी ओढली. होडी वर आली. मामा आधी होडीला बिलगला, मग डंपरला. पिकअपला कोणीच नाही.

मी खाली उतरून गाडीच्या मागे गेले. बंपर धुऊन स्वच्छ झाला होता. खाऱ्या पाण्यानं बाकी कशालाही धक्का लावला नव्हता, फक्त 'नाही!' तेवढं नेलं होतं.

मामानं मोठ्यानं वाचलं, "आम्ही मागे हटणार! खरा लिवलंस गो पोरी!"

इतकी पत्रकं लिहिली. शब्दाला जागलेलं हे पहिलंच.